खाच न मारलेले बिल्ले

लोखंडी वजन उलटं करून पाहिलं आहे का कधी? नसेल पाहिलं. गिऱ्हाइकाची नजर पारड्यावर असते आणि दुकानदाराची गिऱ्हाइकावर. वजनाच्या बुडाकडे पाहणारा शेलूबाजारात एकच माणूस होता, तो मी. चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले. कासम काटेवाला म्हटलं की जीपवाले उतारूला थेट माझ्या दुकानासमोर आणून सोडत.

तर प्रत्येक लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असतं. ओतणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं की आपल्या हातून वजन तंतोतंत उतरणार नाही. म्हणून तो ते जरासं हलकं ओततो आणि खाली भोक ठेवतो. त्या भोकात लागेल तेवढं शिसं भरायचं आणि वजन बरोबर करायचं. वापरून वापरून वजन झिजतं, मग पुन्हा थोडं शिसं. वजनमाप खात्याचे साहेब छाप मारतात ती त्या शिशावर. कोणी शिसं कोरलं की छाप मोडते आणि चोरी उघडी पडते. माझी सगळी विद्या एवढीच. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण ग्रॅमच्या बाबतीत मला शिकवायला कोणी आलं नाही, आणि आलं असतं तर मी त्याला बसायला स्टूल दिलं नसतं.

आता सगळीकडे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले. त्यांना भोक नाही, शिसं नाही, बिघडले तर कंपनीचा माणूस येतो. माझं दुकान बंद आहे. दिवाळी अंक काढणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, धंद्यातलं काही लिहा. म्हटलं, लिहितो, पण माझी चूकही लिहीन, ती कापायची नाही. ते हो म्हणाले.

आधी माझा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर चूक कळणार नाही.

शिरपूरचे एक म्हातारे किराणा दुकानदार होते, जैन, फार धार्मिक. एकदा वजनांची पिशवी घेऊन बसनं आले. माझ्याकडे लोक वजन कमी करायला येत, तेही इकडेतिकडे पाहत. हे म्हणाले, "कासमभाई, ह्या किलोत दहा ग्राम शिसं जास्त भरजो."

"जास्त? कायले?"

"हात थरथरते आता, नजर बी गेली. चुकलंच तर माह्या अंगावर चुकावं, गिऱ्हाइकाच्या नाही."

मी साफ नाही म्हणालो. "शेठजी, दान करायचं तर पुडीत करा. वजनात नोका करू. किलो म्हंजे किलो." ते हसले, चहा प्याले आणि वजनं तशीच घेऊन गेले. घरी येऊन मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आज एका साधुपुरुषालाही परत पाठवलं.

दुसरी गोष्ट कडत्याची. आमच्या भागात आडतीवर माल नेला की तोलल्यावर क्विंटलमागे दोन-तीन किलो आधीच वजा करत. त्याला कडता म्हणतात. का वजा, तर माल ओला आहे, सुकेल, माती आहे, पोत्याचं वजन आहे. कारण कोणतंही असो, कापलेला माल राहायचा आडत्याच्याच कोठीत. मला याची एवढी चीड होती की जो कडता कापतो त्याचा काटा मी हातात घेत नसे. दुकानावर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'इथे सूट नाही, तूट नाही.' यात माझी मोठी गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

अशा माणसाच्या दुकानात एक दिवस शांतवन पाळक आले. आमच्याकडे बाजाराच्या टोकाला एक छोटं ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे, दहा-बारा घरांची मंडळी. त्यांचा हा नवा पाळक, म्हणजे धर्मगुरू. उंच, सडपातळ, जुन्या लुनावर फिरणारा. आले आणि म्हणाले, "कासमभाऊ, मला खोटं वजन दाखवा."

मी उठून उभाच राहिलो. "काय म्हंता?"

"रागावू नका. आमच्या जुन्या करारात खोट्या मापावर देवाची फार चीड सांगितली आहे. येत्या रविवारी मला त्यावर बोलायचं आहे. पण खोटं माप असतं कसं तेच मला ठाऊक नाही. न पाहिलेल्या पापावर कसा बोलू?"

असा माणूस मी पाहिला नव्हता. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि सगळं दाखवलं. शिसं कोरून वर मेण लावलेलं वजन, पारड्याखाली चिकटवायचा लोहचुंबक, एका बाजूनं घासलेली दांडी. ते वहीत लिहून घेत होते. मग मी बुडाचं भोक दाखवलं आणि ते कशासाठी असतं ते सांगितलं. पाळकसाहेबांनी ते वजन कितीतरी वेळ हातात धरलं. "म्हणजे चूक होणार हे धरूनच बनवतात," म्हणाले. "आणि सुधारायला जागा ठेवतात. कासमभाऊ, हे तर माझ्या प्रवचनापेक्षा मोठं निघालं."

त्या दिवसापासून ते रोज चहाला येऊ लागले. बाजारातले लोक म्हणत, काटेवाल्याला पादरी करणार. मी म्हणायचो, पहिले त्याले काटेवाला तर होऊ द्या. खरं सांगतो, त्यांनी मला कधी 'मंदिरात या' म्हटलं नाही आणि मीही त्यांना कधी मशिदीत बोलावलं नाही. आमचं बोलणं चालायचं ते पैशावर. पैसे कमवण्यावर नव्हे. पैसा ही चीज मुळात काय आहे, यावर.

एकदा मी चिडवलं, "आमच्यात सूद हराम हाय, साहेब. तुमच्यात चालते ना?"

"चालतो," ते म्हणाले. "पण चालायला नको होता. आमचेही जुने लोक शेकडो वर्षं व्याजाला पापच म्हणत होते. पुढे सवय झाली. सवय झाली की पाप दिसेनासं होतं. तुमचं बरं आहे, हराम हा शब्द अजून टिकून आहे."

"शब्द हाय," मी म्हटलं. "बाकी आमचेबी बँकेतच जाते."

दोघंही हसलो. मग ते म्हणाले, "मला सांगा, पैसा हेही मापच ना? तुमच्या किलोसारखं. बाजारातली सगळी वजनं एका माणसानं घरात नेऊन कुलूप लावलं तर?"

"तर बाजारात तोलणार कशानं?"

"मग पैसा कुलपात जातो तेव्हा काय होतं?"

माझ्याच धंद्यातलं बोलून मला गप्प करणारा हा पहिला माणूस. पुढे ते सांगत, की भाजीवालीची मेथी संध्याकाळी कोमेजते, धान्याला सोंडे लागतात, लोखंड गंजतं, नोट मात्र पेटीत तशीच राहते. म्हणून नोटवाला थांबू शकतो आणि मेथीवाली थांबू शकत नाही. सौदा सुरू व्हायच्या आधीच दांडी एका बाजूला कललेली असते. पैसाही मालासारखा हळूहळू झिजणारा असावा, म्हणजे तो कोणी दाबून ठेवणार नाही, हातोहात फिरवील.

"हे कोन्या पुस्तकात हाय?" मी विचारलं.

"पुस्तकांत आहेच, बऱ्याच लोकांनी मांडलंय. पण मला ते रानातल्या भाकरीच्या गोष्टीत दिसलं." आणि त्यांनी गोष्ट सांगितली. मूसा पैगंबराचे लोक रानात उपाशी होते, देवानं आकाशातून अन्न पाठवलं. जेवढं लागेल तेवढंच रोज वेचायचं. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवलं, तर त्यात किडे पडले.

"मन्न!" मी ओरडलो. "मन्न-सलवा! हे तर आमच्यातबी हाय."

"असणारच. देव एकदाच वाढतो, पंगती वेगळ्या असतात. आम्ही प्रार्थनेत भाकर मागतो ती आजच्यापुरती मागतो, कासमभाऊ. साठवायला मागतच नाही."

बोलणं म्हणून हे फार गोड वाटायचं. मग पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तो हिवाळा आला, आणि गोडी संपली.

तुम्हाला आठवत असेल. बँकेसमोर रांगा, आणि आमचा बाजार भरलेला असून मुका. जुनी नोट कोणी घेईना, नव्या मोठ्या नोटेचे सुट्टे कोणाकडे नाहीत. इंझोरीची सरूबाई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन यायची, जिभेनं फार तिखट बाई. त्या बाजारी ती भरलेली टोपली तशीच उचलून निघाली. मेथी कोमेजून गेली होती. पाळकसाहेबांना पाहून म्हणाली, "काय पाहून राह्यले? गिऱ्हाइकाले मेथी पाह्यजे, मले पोटाले पाह्यजे, दोघं समोरासमोर उभे, आन् मधात काहीच नाही. अशी गंमत कधी पाह्यली होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब दुकानात. नवी ज्वारी तेव्हा घरोघरी आलेली होती. म्हणाले, "ज्वारी आहे, भाजी आहे, न्हावी आहे, चांभार आहे. नाही ते फक्त माप. कासमभाऊ, आपण माप बनवू."

बेत साधा होता. ज्याच्याकडे ज्वारी असेल त्यानं मंदिराच्या मागच्या खोलीत आणून टाकायची. मी तोलायची. प्रत्येक किलोमागे एक बिल्ला द्यायचा. बिल्ला ज्याच्या हातात असेल त्यानं कधीही यावं, एक किलो ज्वारी घेऊन जावं. मधल्या वेळात त्याच बिल्ल्यावर बाजार चालेल. साहेबांनी एक गोष्ट पक्की बजावली. बिल्ला गोल नको, त्यावर रुपया हा शब्द नको. हे नाणं नाही, ज्वारीची पावती आहे.

मी तेलाच्या पिप्याचे पत्रे कापून चौकोनी बिल्ले केले, कडा घासल्या, मधोमध कणसाचा ठसा मारला. ठसा मी स्वतः कोरला होता. अजून त्याच्यासारखा सुबक ठसा मी वाशिमला सोनाराकडेही पाहिला नाही.

ठसे मारून झाले तेव्हा साहेब म्हणाले, "आता एक राहिलं. महिना झाला की प्रत्येक बिल्ल्याच्या कडेला एक खाच मारायची. एक खाच म्हणजे पंचवीस ग्रॅम कमी. म्हणजे लोक बिल्ले दाबून ठेवणार नाहीत. मन्नासारखं."

माझा हात थांबला. "कमी म्हंजे?"

"महिन्यानं त्या बिल्ल्याला नऊशे पंच्याहत्तर ग्रॅम मिळेल. पुढच्या महिन्यानं साडेनऊशे."

"साहेब, चाळीस वर्षं म्या लोकाईचे किलो पुरे केले. आन् आता माह्याच हातानं किलोले खाच मारू? याले कडता म्हंतात. नाव मन्नाचं द्या नाहीतर कशाचंबी द्या."

"कडता नाही तो. कडता एकाचा कापून दुसऱ्याला देतात. खाच ज्याच्या हातात असेल त्याच्यावर, सगळ्यांना सारखी."

"किलो म्हंजे किलो," मी म्हटलं. "खाच पाह्यजे असंन तर दुसरा कारागीर पाहा."

साहेबांनी एक बिल्ला उचलून त्यावरचा ठसा पाहिला. मग म्हणाले, "बिल्ले तुमच्या हातचे आहेत. तुमच्या मनाविरुद्ध त्याला खाच नको." एवढ्यावर त्यांनी तो विषय सोडला. मी जिंकलो होतो. मला तेव्हा तसं वाटलं.

ज्वारी आली, सहा क्विंटलच्या वर थोडी. मी माझा सगळ्यात चांगला तराजू लावला. कोणी पोतं आणलं की आडतीच्या सवयीनं विचारायचा, "कडता किती?" मी मान ताठ करून म्हणायचो, "इथी कडता नाही." ग्रॅमला ग्रॅम बिल्ले दिले. माझी एक खोड होती. मोठं काम तोललं की त्यातलं एक किलो कापडी पिशवीत घालून दुकानातल्या खुंटीला टांगायचं, साक्ष म्हणून. या ज्वारीचंही टांगलं.

आणि काय सांगू, बाजार बोलायला लागला! सरूबाईनं पहिल्या दिवशी बिल्ला दातांनी चावून पाहिला आणि म्हणाली, "हे तं तेलाच्या डब्याचं वास मारते."

मी म्हटलं, "ज्वारीचा वास पाह्यजे तं खोलीत जा, तोलून देतो."

ती खरंच गेली, एका बिल्ल्याची ज्वारी घेऊन आली, पदरात पाहिली, आणि मग दिवसभर बिल्ल्यांवर भाजी विकली. न्हाव्यानं एका बिल्ल्यात दोन दाढ्या केल्या. पंक्चरवाल्यानं ट्यूब जोडून दिली. बंदोबस्ताला आलेला एक हवालदार बिल्ला उलटसुलट करत होता. मी घाबरलो. तो म्हणाला, "काटेवाले, हे चालते का?" मी म्हटलं, "पावती हाय साहेब, ज्वारीची." तो म्हणाला, "मंग दोन बिल्ल्याईची वांगी घेऊन द्या ना, माह्याकडं बी सुट्टे नाहीत." त्यानं घरून दोन किलो ज्वारी पाठवली, हेही लिहिलं पाहिजे.

त्या दोन महिन्यांत पाळकसाहेबांचं रूप पाहण्यासारखं होतं. बाजारच्या दिवशी ते नुसते फिरायचे. एकच बिल्ला न्हाव्याकडून चांभाराकडे, चांभाराकडून सरूबाईकडे, तिच्याकडून परत न्हाव्याकडे जाताना दिसला की लहान लेकरासारखे हसायचे. त्यांच्या स्वतःच्या खिशात एकही बिल्ला नसायचा. मी विचारलं तर म्हणाले, "माझी ज्वारी कुठे आहे? जे ठेवलं नाही ते कसं घेऊ?" मी त्यांच्या धर्माचा नाही. पण इमान म्हणजे काय ते मला वाण्यात, आडत्यात, आमच्या मौलानात शोधूनही एवढं दिसलं नव्हतं.

संक्रांत झाली. नोटा हळूहळू परत आल्या, लोक बिल्ले घेऊन ज्वारी न्यायला येऊ लागले. मी तोलून देत होतो, पुरा पुरा किलो. बाजाराच्या दिवशी शेवटी सरूबाई आली. तिनं लुगड्याच्या गाठीतून एकवीस बिल्ले काढले. लोकांनी खर्च केले आणि हिनं जपून ठेवले होते. म्हणाली, "हे कमाईचे हाय माह्या, आता एकदम नेते." तिच्यामागे आणखी दोघं होते, पाच-पाच बिल्लेवाले.

मी खोलीत गेलो. जमीन दिसत होती. कोपऱ्यात झाडून काढलेली ओंजळभर ज्वारी. बिल्ले एकतीस, आणि ज्वारी नाही.

बाहेर बातमी फुटायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, उंदीर. कोणी म्हणालं, खोलीची किल्ली कोणाकडे होती? एक आवाज मागून आला, "पादरीनं पचवली." सरूबाई पाळकसाहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, माह्या एकवीस किलोची गोठ आधी सांगा. बाकीचं लोकं सांगतीलच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकलो, कोपऱ्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कटकन फुटला. ज्वारी आली तेव्हा हाच दाणा दाताखाली मऊ लागला होता. नवी, ओली ज्वारी मी ग्रॅमला ग्रॅम धरली होती. दोन महिन्यांत ती सुकली. कोणी चोरली नव्हती. हवेत गेली होती. आणि सूट न धरणारा मी होतो.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आयुष्यभर ज्यांना कडत्यावरून शिव्या दिल्या ते दोन आडते तिथंच उभे होते. 'कासम काटेवाल्याचं वजन चुकलं' हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

साहेबांनी माझा चेहरा वाचला की नाही, आजही मला माहीत नाही. ते वळून लोकांना म्हणाले, "खोलीची किल्ली माझ्याकडे होती. तूट माझी. पुढच्या बाजारी प्रत्येकाचं धान्य मिळेल."

घरी गेलो. ताट समोर तसंच राहिलं. बायको म्हणाली, "काटा तर बरोबर हाय म्हंता, मंग जेवण काहून अडकून राह्यलं?" मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी दुकानात खुंटीची पिशवी काढली, तोललं. साडेनऊशे ग्रॅम. पुन्हा तोललं, तेवढंच. पंचवीस आणि पंचवीस. दोन खाचा, बरोबर दोन. साहेबांना ज्वारी सुकते हे माहीत नव्हतं, शेतकरी नव्हते ते. त्यांनी मन्नाचा विचार करून खाच सांगितली होती. ती मारली असती तर बिल्ले आणि ज्वारी बरोबरीनं उतरले असते, आणि सरूबाईला शेवटच्या बिल्ल्यापर्यंत ज्वारी मिळाली असती.

हे कळूनही मी आठ दिवस गप्प राहिलो. त्या आठ दिवसांत साहेबांनी लुना विकली. वाशिमहून त्यांच्या मंडळींचे दोन पंच बाजारच्या दिवशी येणार असं कानावर आलं, चौकशी करून त्यांना काढायचं की ठेवायचं ते ठरवायला. साहेब चालत चहाला आले, नेहमीसारखेच. "काल लुना गेली, तर पाय मोकळे झाले," म्हणाले. ज्वारीबद्दल एक शब्द नाही. तो चहा मी आयुष्यात विसरणार नाही.

बाजारच्या दिवशी मी तराजू, किलोचं वजन आणि ती पिशवी घेऊन मंदिरासमोर गेलो. बरोबर घरातली ज्वारी होती, दोन पोत्यांत, गेल्या सालची, जुनी, सुकलेली. पंच खुर्च्यांवर बसलेले, साहेब उभे, लोक जमलेले. मी कोणाला न विचारता तराजू आडव्या बांबूला अडकवला. एका पारड्यात किलो ठेवला, दुसऱ्यात पिशवीतली ज्वारी ओतली. किलोचं पारडं खाली गेलं.

"पाहा," मी म्हटलं. "हे एक किलो होतं. दिवाळीनंतर म्याच तोललं होतं, याच तराजूवर." मग ज्वारीच्या पारड्यात पन्नासचं वजन टाकलं. दांडी सरळ झाली. "पन्नास ग्राम सुकली. सहाशे किलोले किती होते ते ज्याले शाळा हाय त्यानं सांगावं. चोरी झाली नाही. पाळकसाहेबांनी मले खाच मारायले सांगितली होती, ती म्या मारली नाही. तूट त्याइची नाही, माही हाय."

मग एक आडत्या मागून म्हणाला, "आता समजलं का कासमभाई, आमी कडता कायले कापतो?"

वाटलं होतं तेवढं लागलं नाही. मी म्हटलं, "समजलं. पन तुमचा कडता तुमच्याच कोठीत जाते. हे खाच सगळ्याइले सारखी होती." हसणारे हसले, पण आडत्यावर.

सरूबाई मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काटेवाले, हे तुमाले गेल्या बाजारीच ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग आठ दिस तोंडात काय शिसं भरलं होतं?"

मी पोत्याचं तोंड सोडलं आणि तिची एकवीस किलो तोलायला घेतली. तिनं माझा हात धरला.

"असं नाही. पहिले खाचा मारा. दोन."

"सरूबाई, ही ज्वारी माह्या घरची हाय. पुरा किलो घे."

"मले तुमची भीक कायले? माही मेथी कोमेजली तवा कोनं भरून देल्ली होती? ज्वारी सुकली तं सगळ्याइची सुकली. ज्याइनं आधी नेली ते फुकटात पुरा किलो घेऊन गेले, ते गेले. मी हिसोबात घेईन. मारा खाचा."

मी पत्र्याची कात्री काढली. पाळकसाहेब पुढे आले, एकेक बिल्ला हातात धरून समोर करू लागले आणि मी एकेकाला दोन खाचा मारल्या. एकवीस बिल्ले, बेचाळीस खाचा. मग साडेनऊशे ग्रॅमनं तोलून दिलं. बाकीचे दोघंही बिल्ले घेऊन रांगेत आले. ते पाहून पंचांपैकी म्हातारा होता तो खुर्चीवरून उठला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चला, चहा प्यायला जाऊ." चौकशी तिथंच संपली.

साहेब आणखी तीन वर्षं आमच्याकडे होते. बिल्ले पुन्हा चालवले नाहीत, गरज पडली नाही. मी एकदा विचारलं, "तुमच्या पैशाचा धर्म फसला म्हनायचा का?" ते म्हणाले, "दोन महिने बाजार चालला आणि शेवटी एका भाजीवालीनं आपणहून खाच मागितली. मी तर आयुष्यभर प्रवचनं देतो, एवढं कधी झालं नव्हतं."

आता त्यांची बदली दूर झाली आहे. दुकान बंद असलं तरी खुंटी आहे. दरवर्षी दिवाळीनंतर मी नवी ज्वारी एक किलो पिशवीत टांगतो आणि संक्रांतीला तोलतो. त्या दिवशी साहेबांचा फोन ठरलेला. "कासमभाऊ, किती भरली?" या वर्षी म्हटलं, "नऊशे बावन्न." ते म्हणाले, "मग दोन ग्रॅम जास्त निघाली. कोणाला तरी देऊन टाका, ठेवू नका." आणि दोघंही फोनवर खूप हसलो.

इतक्या वर्षांत इतके फोन झाले. माझे ते आठ दिवस मात्र त्यांनी एकदाही काट्यावर घेतले नाहीत. मी जन्मभर कोणाला सूट दिली नाही. मला मिळाली ती ही एवढी एकच, आणि ती देणाऱ्यानं ती दिल्याचं कधी कळूही दिलं नाही.